हललेले बाजूला काढणे

४ फेब्रुवारी

तुझ्या बाबांचे फोटो मी पुसून टाकले. ते परत आणता येतात का, हे विचारायला हे पत्र लिहिते आहे. तू फोन उचलत नाहीस, आणि असल्या गोष्टी मेसेजवर लिहायला मला जमत नाही.

लोकांची बिघडलेली मेमरी कार्डं, पाण्यात पडलेले फोन, यांतून गेलेलं परत काढणं हाच तुझा धंदा आहे. म्हणजे विचारायचं तर तुलाच. एरवी मी लिहिलं नसतं आणि तूही पाकीट फोडलं नसतंस, तेव्हा मुद्द्यावर येते.

डॉक्टरांनी बाबांना रोज चालायला सांगितलं होतं. कंपवातात बसलेला माणूस बसतच जातो, असं त्यांचं म्हणणं. नुसतं "चाला" म्हटलं तर बाबा चालत नाहीत, म्हणून मीच लहान कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवून दिला. ते सकाळी निघायचे, भटकून यायचे आणि कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी ते कॉम्प्युटरला लावायची.

पुढचं तुला माहीत आहे, कारण तूही ते काम माझ्याच शेजारी बसून शिकलीस. पहिली निवड म्हणजे हललेले बाजूला काढणे. आपल्या स्टुडिओतून हललेला फोटो कधी बाहेर गेलेला नाही. बाबांचे जवळजवळ सगळेच हललेले असायचे. तेही साधे नव्हेत. झाडांच्या नुसत्या उभ्या रेघा, माणसांचा धूर झालेला, आणि सगळ्यावर हिरवट झाक. मला वाटलं, हात आणखी बिघडला आणि त्याच्या जोडीला कॅमेराही. ते त्यांना दाखवायचं कशाला? चुकून एखादा सरळ आलेला असायचा, बाकाचा नाहीतर कुत्र्याचा. तेवढा ठेवायची, बाकीचं कार्ड कोरं करायची आणि संध्याकाळी म्हणायची, "कुत्रा छान आलाय."

"कुत्रा?"

"छान आलाय."



गेल्या आठवड्यात ते म्हणाले, "त्या हललेल्यांमधून मला जिन्याचा तेवढा काढून दे."

"हललेल्यांमधून म्हणजे?"

"तू बाजूला काढतेस ते. खोक्यातले."

निगेटिव्हच्या काळात हललेल्यांचं खोकं असायचं, हे खरं. पट्टीतून एकच चौकट कापून टाकता येत नसे, म्हणून सगळंच राहायचं. कॉम्प्युटरवर कसलं खोकं? मी सांगितलं, "ते मी ठेवत नाही. पुसते."

"सगळे?"

"अहो, हललेले होते."

"मी हलवत होतो कॅमेरा," ते म्हणाले. "मुद्दाम."

एवढंच. ओरडले नाहीत. कॅमेरा नेऊन स्टुडिओतल्या खिळ्याला टांगला. त्या दिवसापासून चालायला जात नाहीत. खुर्चीत बसून रस्त्याकडे बघतात. जेवणाच्या वेळी "हो" आणि "पुरे" एवढं बोलतात.

आधी मला वाटलं, थरथर झाकायला काहीतरी सांगतायत. मग कोट धुवायला घेतला तर खिशात काळी काच मिळाली, जाड, रबरबँड गुंडाळलेली. थरथर झाकणारा माणूस खिशात काच बाळगून फिरत नाही.

येतात की येत नाहीत, एवढंच कळव. बाकी लिहायची गरज नाही.

आई


१३ फेब्रुवारी

चिठ्ठी मिळाली. "कार्डं पाठव. कॅमेऱ्यात घालू नकोस, कॉम्प्युटरलाही लावू नकोस. पुसल्यावर त्यांच्यावर काही काढलंस का, ते खरं सांग." वर मायना नाही, खाली नाव नाही. चालेल. हे वळण तू कुठून घेतलंस ते मला ठाऊक आहे.

खरं सांगते. काढलं. बाबांनी कॅमेरा टांगला त्याच संध्याकाळी एक बाई नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली, आणि हाताशी तेच कार्ड होतं. तिच्यामागून आणखी कोणी कोणी आले, मग बाकीची कार्डंही तशीच वापरली. काम होतं, केलं.

बाबा जुनी कार्डं आळीपाळीनं वापरायचे. ती सगळी फिल्मच्या काळ्या डब्यांत घालून, वर कापूस ठेवून पाठवते आहे. कोणतं कधीचं, ते मला सांगता येणार नाही. ती पाठवल्याचं बाबांना माहीत नाही. आधीच आशा लावून ठेवायची आणि मग तू "नाही" कळवायचं, हे मला नको आहे.

चिठ्ठीच्या पाठीमागे तू पेन्सिलीनं लिहिलंस, "बाबांना शेवटी कोणी सांगितलं का?" पेन्सिलीनं लिहिलं की मी वाचणार नाही, असं वाटलं?

नाही. कोणी सांगितलं नाही.

तू घर सोडलंस त्या दिवशी मी काय म्हटलं ते पुन्हा लिहीत नाही. तूही विसरली नसशील. शाळेचा तो ग्रुपफोटो बाबांच्या हातून हलला, तेव्हा तू म्हणालीस, त्यांना दाखव, त्यांना कळू दे, त्यांचा तो हक्क आहे. मी शाळेला कॅमेऱ्यात दोष होता असं कळवलं, स्वतः जाऊन दुसरा काढला आणि बाबांना तो त्यांचाच म्हणून दाखवला. तू त्याला खोटेपणा म्हणालीस. ज्या माणसाची उमेदीची सगळी वर्षं हात स्थिर ठेवण्यात गेली, त्याला "तुमचा हात आता राहत नाही" हे मी कुठल्या तोंडानं सांगायचं होतं? तू सांगू शकली असतीस. तू धीट आहेस. मी फक्त कडक आहे. लोक दोन्ही एकच समजतात.

असो. ती काळी काच घेऊन मी समोरच्या वेल्डरकडे गेले. आपल्या रस्त्यावर असली काच दुसऱ्या कोणाकडे असणार?

"ही तुमची का?"

"काकांना दिली होती. फुटली का?"

"फुटली नाही. त्यांना कशाला हवी होती?"

"भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण जास्त वेळ उघडं ठेवायचं असतं म्हणे. मला त्यातलं काय कळतंय? मी म्हटलं, काका, या वयात वेल्डिंग शिकताय की काय? तर म्हणाले, घरी एक ठिणगी आहे, तिच्याकडे बघायला लागते."

आणि हसला. मी हसले नाही. हे असले विनोद बाबा बाहेर करतात. घरात काटकसर.

"काढायचे कसे ते फोटो?" मी विचारलं.

त्यानं हातातली पकड खाली ठेवली आणि करून दाखवलं. पाय फाकवून उभा राहिला आणि भिंतीला वरून खाली ब्रश मारावा तसा दोन्ही हातांनी हवेत फटकारा मारला. "झाडाचा असा. माणसाचा आडवा. रस्त्यातले लोक थांबून बघायचे, मग काका त्यांचेही काढायचे."

"हात कापत नव्हता?"

"नुसते उभे असले की कापायचा. फिरवताना नाही. मी रोज बघायचो ना, काकू."

रोज. तो रस्त्यापलीकडून रोज बघत होता, आणि मी अलीकडे बसून कुत्रा निवडत होते.

कार्डं मिळाली की कळव.

आई


२४ फेब्रुवारी

कार्डं पोचल्याचं कळलं. "वेळ लागेल, घाई करू नकोस," असं लिहिलंस. हे मला सांगणारी जगात तू दुसरी. पहिले खुर्चीत बसले आहेत.

तुझं काम चालू असताना मी रिकामी कशाला बसू? हे प्रकरण करून बघायचं ठरवलं. कॉलेजात प्रयोग न करता निष्कर्ष लिहिला की आमच्या भौतिकशास्त्राच्या बाई वही टेबलावरून सरकवून परत पाठवायच्या. मी बाबांच्या फोटोंवर निष्कर्ष लिहून मोकळी झाले होते, प्रयोगाचा पत्ताच नव्हता.

दुकानातला मोठा कॅमेरा घेतला, भिंगावर काळी काच रबरबँडनं बसवली, शटर अर्ध्या सेकंदावर ठेवलं आणि पाण्याच्या टाकीमागच्या रस्त्यावर गेले. तिथं झाडांची सरळ रांग आहे. हात वरून खाली न्यायचा आणि मध्येच बटण दाबायचं, यात अवघड ते काय?

हात जाईना. खरंच सांगते, जाईना. बटणावर बोट गेलं की माझा श्वास थांबतो, कोपरं बरगड्यांना चिकटतात, गुडघे ताठ होतात. हे मी करत नाही, आपोआप होतं. पहिले सगळे फोटो सरळ आले. झाडं जागच्या जागी, पानं मोजून घ्यावीत इतकी स्वच्छ, फक्त थोडी हिरवी. मग चिडून जोरात हिसका दिला, तर ओल्या फडक्यानं पुसलेल्या फळ्यासारखं काहीतरी आलं.

एक गृहस्थ थांबले. "बाई, काही पडलं का तुमचं?"

"नाही. झाडाचा फोटो काढते आहे."

"मग कॅमेरा कशाला हलवताय? झाड तर हलत नाहीये."

"म्हणूनच," मी म्हटलं. ते भराभर पुढे गेले.

घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर घातले. एकही बाजूला काढला नाही, एकही पुसला नाही. सगळे पडद्यावर उघडे टाकून वर गेले. मुद्दाम का, असं तू विचारशील. हो, मुद्दाम.

खाली आले तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोर होते.

"हे कोणी काढले?"

"मी."

"वाईट आहेत."

"माहीत आहे."

"हा नुसता चिखल आहे. आणि हा तर सरळच आलाय. हलवायला विसरलीस?"

"विसरले नाही. हात जात नाही."

"जाणार कसा? तू आधी दाबतेस आणि मग हलवतेस. हात आधी सुटायला हवा. जाता जाता दाबायचं. आणि दाबून झालं म्हणून थांबायचं नाही, त्याला पुढे जाऊ द्यायचं, आपला आपण संपेपर्यंत."

उठले. इतक्या दिवसांत त्यांना स्वतःहून उठताना पहिल्यांदा बघितलं. माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि माझं कोपर धरलं.

"ढिलं सोड."

"सोडलंय."

"हे ढिलं? हा खांब आहे. सोड म्हणतो ना."

त्यांचा हात माझ्या कोपरावर थरथरत होता. ती थरथर माझ्या खांद्यापर्यंत येत होती. मग त्यांनी माझा हात उचलला आणि आम्ही दोघांनी मिळून कॅमेरा मागच्या पडद्यावरून आडवा नेला, आणि तेवढ्या वेळात थरथर नव्हती. कुठे गेली कळलं नाही. हात थांबल्यावर परत आली.

"कळलं?" ते म्हणाले. "धरून ठेवला की कापतो. चालता ठेवला की कापायचं विसरतो."

तो फोटो बरा आला. आपला तोच निळा पडदा, ज्याच्यासमोर अर्ध्या गावाला मी ताठ बसवलंय. त्यात तो पडद्यासारखा दिसत नाही, लांबवर पाणी असावं तसा दिसतो.

मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू मला कुत्रा छान आलाय म्हणून सांगायचीस."

"म्हणजे?"

"म्हणजे तू काय काय लपवतेस ते मला कळत होतं. शाळेच्या फोटोपासून. दुसऱ्या रांगेत ती चष्म्याची मुलगी बसवलीस. मी काढला त्या दिवशी ती शाळेत आलीच नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तू मला सांभाळत होतीस, त्यात तुला बरं वाटत होतं. मग मीही तेवढं सांभाळलं. हललेले तू बाजूला ठेवतेस असं वाटलं होतं गं. म्हटलं, बरेच साठले की एकदम काढून बसू. तेव्हाच सांगू, हात गेलाय, पण हे बघ, हे आलंय."

मी वर जाऊन कपडे वाळत घातले. ते वाळलेलेच होते.

हे तुला का लिहिते आहे? तुझं बरोबर होतं असं मी म्हणत नाही, माझं होतं असंही नाही. सांगावं की सांगू नये यावरून आपण दोघींनी घर डोक्यावर घेतलं, आणि ज्याच्याबद्दल भांडत होतो त्याला ते आधीपासून माहीत होतं. शेजारच्या खोलीत बसून तो आपल्या दोघींचा आवाज ऐकत होता.

पण कॅमेरा अजून खिळ्यालाच आहे. मी म्हटलं, आता जा की सकाळी. तर म्हणाले, "होते ते गेले. पुन्हा पहिल्यापासून करायचं तर या हाताकडे तेवढे दिवस हवेत ना." हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात टाकलं. डॉक्टर जे म्हणतात ते मला दिसतं आहे, ते बसत चालले आहेत.

म्हणून विचारते, काही मिळतंय का? थोडं असलं तरी कळव.

आई


९ मार्च

चि. खार,

या नावानं हाक मारायचा हक्क बाबांचा. फोटोला बसवलं की स्टुलावरून सुटायचीस, म्हणून त्यांनी ठेवलेलं. पण तुझं पानभर पत्र आलं, तेव्हा मायना लिहिणं भाग आहे.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचून समजून घेतलं. कार्ड कोरं केलं तरी आतलं लगेच जात नाही, नवे फोटो पहिल्या जागेपासून जुन्यांवर बसत जातात. ज्या दिवशी बाबा जास्त फिरले, त्या दिवसाचं शेवटचं शेवटचं तळाशी राहून गेलं, कारण नंतरच्या छोट्या दिवसांचे आणि माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो तिथवर पोचलेच नाहीत. म्हणजे जे मिळालं ते सगळं मोठ्या दिवसांच्या परतीचं. आणि जिन्याचे त्यांनी रोज सकाळी निघतानाच काढले असणार, ते कार्डाच्या अगदी सुरुवातीला, म्हणून सगळ्यात आधी गेले. वरून माझ्या नोकरीवाल्या बाई बसल्या. जिन्याचा एकच हाती लागला, तोही अर्धा.

हे पटण्यासारखं आहे. आमच्या बाईंनी वही सरकवली नसती.

मग तू लिहितेस, "शेवटी शेवटी सगळ्या कार्डांवर एकच बाई आहे. रस्त्याच्या पलीकडून, दुकानाच्या काचेतून काढलेली. चेहरा एकातही नाही. एका फोटोत तिला चार हात आहेत, एकात ती टेबल आणि कपाट दोन्हीकडे एकदमच आहे. पण आई, घाई ओळखू आली."

मला दुकानात काम असतं. मी उभी राहून दाखवायला मोकळी नसते. अर्जाला लागतो तेवढा सोडला तर माझा फोटो कोणी काढला नाही, आणि बाबांनी काढायचा प्रयत्न केला की मी मधूनच उठायची, हेही खरं. "हलू नकोस" म्हणून म्हणून त्यांनी नाद सोडला होता, असं मला वाटत होतं.

आता बाबांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं, "कार्डं खारीकडे आहेत. मी पाठवली."

ते म्हणाले, "तिनं बघितले?"

"हो."

"आणि?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मधलं तांत्रिकही वाचलं, ते त्यांनी मान डोलावून ऐकलं. शेवटच्या ओळीला म्हणाले, "तिनं 'आई' लिहिलंय?"

"लिहिलंय."

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं. मग पाकिटातला जिन्याचा अर्धा फोटो त्यांच्या हातात दिला. तू म्हणतेस तसाच आहे. वरच्या पायऱ्या, कठड्याची ओढलेली रेघ, खिडकीतल्या उजेडाचा एक पट्टा, त्यात माझं डोकं असावं, आणि तिथून खाली नुसता करडा रंग. हा आपल्याच घराचा जिना आहे हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. मी सकाळी दुकान उघडायला खाली उतरते, तेव्हा हे दाराशी बूट घालत बसलेले असतात. मला वाटायचं, बोटं चालत नाहीत म्हणून वेळ लागतो.

त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला आणि हसले. चांगले आवाज करून हसले. "निघालीस खरी, पण पोचली नाहीस."

"मिळाला तेवढा मिळाला," मी म्हटलं. "अर्ध्यावर भागवा."

"छे. पुन्हा काढावा लागेल."

आणि उठून खिळ्याचा कॅमेरा काढला. काच लावायला त्यांना वेळ लागला. रबरबँड दोनदा निसटला. मी मदत केली नाही. करायची नाही असं ठरवून हात मागे बांधले होते.

"वर जा."

"आत्ता? दुकान उघडं आहे."

"वर जा आणि नेहमीसारखी खाली ये."

गेले. आले.

"थांबलीस."

"कुठे थांबले?"

"खालच्या पायरीवर. पुतळ्यासारखी. पुन्हा."

पुन्हा गेले. पुन्हा थांबले म्हणे. आयुष्यभर लोकांना "हलू नका" सांगितल्यावर कॅमेरा दिसताच पायांना दुसरं काय सुचणार? तिसऱ्या वेळी म्हणाले, "तू उतरत नाहीस, तू उतरून दाखवतेस." मी वरच्या पायरीवर उभं राहून त्यांना चांगलं सुनावणार होते, तेवढ्यात दुकानातून कोणीतरी ओरडलं, "आहे का कोणी?" आणि मी "आले, आले" म्हणत त्यांच्या अंगावरूनच खाली धावले.

मागून आवाज आला, "आला!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चालायला गेले. परतायला उशीर झाला, आणि मी रस्त्याकडे बघितलं तर पलीकडे उभे राहून काचेतून आत बघत होते. मी काम चालू ठेवलं. थांबले असते तर फोटो बिघडला असता.

कार्डं कुरियरनं पाठव, असं लिहिणार होते. पण ते लोक वस्तू आपटतात. असलं नाजूक काही असलं की माणसानं स्वतः आणून द्यावं. वरची खोली झाडून घेतली आहे. ती तशीही झाडायची होती.

आई


२ एप्रिल

चि. खार,

तू गेल्यावर टेबल आवरताना लक्षात आलं की पोच द्यायची राहिली. आपल्या स्टुडिओत पोचेशिवाय काही येत नाही आणि जात नाही, तेव्हा लिहून देते. या पाकिटात तुझी प्रत आहे, एक मी ठेवली आहे.

तुझ्याकडून मिळालं: सगळी कार्डं, डब्यांसह. कापूस परत आणायची गरज नव्हती. परत आलेल्या फोटोंचे प्रिंट, तू केलेले, चांगले केलेत. हिरवी झाक काढून टाकली नाहीस हे बरं केलंस, बाबांना ती हवी होती. जिन्याचा अर्धा. चार हातांच्या बाईचा तेवढा दुकानाच्या दर्शनी काचेत लावला आहे. तो मी लावलेला नाही, वेल्डरनं आणि बाबांनी मी बाजारात गेलेली बघून लावला. आल्या आल्या काढायला गेले होते. मग म्हटलं, असू दे. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, "काकू, हा हललाय ना हो?" मी त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हटलं, "तुम्ही हलू नका."

तुला दिलं: जिन्याचा नवा, पूर्ण, "आले, आले" म्हणतानाचा. बस सुटताना बाबांनी काढलेला तुझा. त्यात खिडक्यांची एक लांब रेघ आहे आणि तिच्यावर तुझ्या लाल ओढणीची दुसरी. हात हलवत होतीस तेवढं कळतं, तोंड कळत नाही. लहानपणापासून तुझा एकही फोटो स्थिर आला नाही, हाही आला नाही. बाबा म्हणतात, तुझा सगळ्यात चांगला हाच. वरच्या खोलीची किल्लीही पाकिटात आहे. तू ती टेबलावर ठेवून गेलीस. विसरलीस असं मी समजते.

बाबांना दिलं: पहिल्या निवडीचं काम. यापुढे त्यांची कार्डं माझ्या टेबलावर येणार नाहीत. तू आणलेली सगळी आज त्यांच्या हाती सोपवली, मी न निवडता, न पुसता. मिळाल्याबद्दल खाली त्यांची सही घेतली आहे.

सही वाकडी आली. पुन्हा करून घेतली नाही.

आई